बोअर आमचा, पाणी गल्लीचं

‘‘बघ गं जरा वास घेऊन. मला साबणासारखा येतोय.’’ कंपाउंडच्या भिंतीवरून आक्कांनी तांब्या पुढे केला.

मी वास घेतला. येत होता. आदल्या दिवशी त्यांच्या बादलीत तरंगणारा फेसही मी गच्चीवरून पाहिला होता. तरी मी म्हटलं, ‘‘परवा मोटर दुरुस्त केलीत ना, त्याचं असेल.’’ आणि घरात निघून आले. त्या रात्री मला झोप लागली नाही. वास कुठून आला असेल, हे मला चांगलं ठाऊक होतं.

आमचं सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, म्हणून घरोघरी बोअर. आमचा २८० फुटांचा बोअर २०१९ च्या उन्हाळ्यात आटला तो आटलाच. त्यात गल्लीला गटार नाही. मोरीचं आणि वॉशिंग मशीनचं पाणी रस्त्यावर यायचं आणि त्यावरून रोज कुरबुर. शेवटी शोषखड्डा करायचा म्हणून प्लंबरला बोलावलं, तर तो म्हणाला, ‘‘काकू, कशाला खर्चात पडता? बोअर कोरडाच आहे. त्यातच पाइप सोडू, वर फरशी टाकू. काम फत्ते!’’

यांनाही ते पटलं. एका दुपारी काम झालं. दारातली राड गेली, भांडण मिटलं, पैसे वाचले. मी तर कौतुकानं दोघी-तिघींना ही युक्ती सांगूनही टाकली!

चार महिन्यांनी आक्कांचा तांब्या भिंतीवरून आला. त्यांचा बोअर आमच्या बोअरपासून जेमतेम पन्नास फुटांवर. त्यातून त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला आलेली. बाळ सव्वा महिन्याचं, अंगावरचं दूध पुरत नव्हतं म्हणून पावडरचं दूध चालू होतं. ते कालवायला पाणी त्याच बोअरचं, अर्थात उकळून.

त्याच आठवड्यात माझ्या नणंदेची मुलगी सुट्टीवर आली. ती अमेरिकेत पाण्याच्या प्रदूषणावर काम करते. अंगणातली फरशी आणि तिच्याखाली शिरलेला पाइप पाहून ती थबकली. ‘‘मामी, हे काय केलंत?’’

मग तिनं मला समजावलं. आपल्या महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या कातळाचा. या खडकात पाणी साठतं ते भेगांमध्ये आणि वरच्या झिजलेल्या थरात. आमच्या बोअरची भेग आणि आक्कांच्या बोअरची भेग आत कुठे जुळलेली असेल, ते वरून दिसत नाही. बोअर कोरडा पडला म्हणजे भेग रिकामी झाली, बंद नाही झाली. शोषखड्डा चार-पाच फुटांचा असतो. तिथलं पाणी मातीतून हळूहळू झिरपतं, माती ते गाळते, बरेचसे जंतू वाटेतच मरतात. बोअरमध्ये सोडलेलं पाणी मात्र मातीला न शिवता थेट खाली जातं. म्हणजे मी गाळणीच काढून टाकली होती.

‘‘तिकडे असं कोणी करत नसेल,’’ मी म्हटलं. ती हसली. तिकडेही हेच चालायचं म्हणे. गॅरेजमधलं तेलकट पाणी, मोठ्या इमारतींचं सांडपाणी, रस्त्यावरचं पावसाचं पाणी... सगळं अशाच उथळ विहिरींत आणि खड्ड्यांत सोडायचे. एकेक खड्डा लहान, म्हणून कुणी फारसं लक्ष दिलं नाही. पण मोजायला गेलं तर असे खड्डे देशभरात साडेसहा लाखांच्या वर! तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं त्यांचे २३ प्रकार पाडून अभ्यास केला आणि १९९९ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याच वर्षी नियमही आला. गॅरेजचं सांडपाणी जमिनीत सोडणाऱ्या नव्या विहिरींवर आणि अनेक घरांचा मैला घेणाऱ्या नव्या मोठ्या खड्ड्यांवर बंदी आली. असे जुने मोठे मैलाखड्डे बंद करायला ५ एप्रिल २००५ ही मुदत दिली. त्यांच्या व्याख्येत तर रुंदीपेक्षा जास्त खोल असलेला खड्डासुद्धा विहीरच, त्यात सांडपाणी सोडलं की झालं. माझा बोअर त्यात अगदी चपखल बसत होता.

आम्ही आक्कांच्या पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या भूजल प्रयोगशाळेत पाठवला. आक्कांना सांगितलं, ‘‘वास येतोय ना, तपासून घेऊ.’’ अजूनही खरं बोलायचा धीर होत नव्हता. आठ दिवसांनी अहवाल आला. पाण्यात विष्ठेतले जंतू होते आणि नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर. लिटरमागे ४५ ही पिण्याच्या पाण्याची आपल्याकडची मर्यादा. भाचीनं तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, ‘‘मामी, बाळाला हे पाणी आजच बंद करायला सांगा.’’

उकळलं की जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं आणि त्याचं प्रमाण वाढतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात ते जास्त गेलं, तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते, बाळ निळसर पडू शकतं. हे ऐकल्यावर माझे पाय लटपटले.

तशीच उठले आणि आक्कांकडे गेले. सगळं सांगितलं. पाइप, फरशी, तांब्याचा वास घेऊन मारलेली थाप, सगळं. आक्का बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘त्याच दिवशी सांगायचं न्हाई व्हय?’’ एवढंच. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

बाळ सुखरूप राहिलं. त्याच्यासाठी आम्ही दुसऱ्या आळीतून, तपासलेलं पाणी आणू लागलो. पाइप त्याच दिवशी काढला. भूजलच्या माणसाला विचारून बोअर दगड-मातीनं जमिनीपर्यंत बुजवला. सोडून दिलेले बोअर असे बुजवायचेच, असं सर्वोच्च न्यायालयानं लहान मुलं त्यात पडतात म्हणून २०१० मध्येच सांगितलंय. मोरीचं पाणी आता उथळ शोषखड्ड्यात आणि केळीला, कर्दळीला जातं. नायट्रेट मात्र निव्वळ माझ्या साबणाचं नव्हतं. गल्लीत पाझरणारे सेप्टिक टँकही आहेत. म्हणून आम्ही चौघी-पाचजणी घरोघरी जाऊन त्यांच्याबद्दल बोलतोय. काही घरांत चहा मिळतो, काही घरांत दार लावून घेतात.

मैत्रिणींनो, तुमच्याही दारात कोरडा बोअर असेल. त्यात सांडपाणी, सेप्टिक टँकचं पाणी किंवा रस्त्यावरून वाहत आलेलं पाणी सोडू नका. सोडायचंच तर फक्त छपरावरचं पावसाचं, तेही पहिल्या दोन-तीन पावसांचं वगळून आणि खडी, वाळू, कोळशाच्या गाळणीतून. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर ५०० मिलिमीटर पाऊस झाला, तरी सुमारे ४५ हजार लिटर पाणी पडतं. थोडं वाया जाऊनही उरतं ते भरपूर. पावसाळ्याआधी आणि नंतर, वर्षातून दोनदा बोअरचं पाणी तपासून घ्या. खेड्यात असाल तर ग्रामपंचायतीकडे तपासणी संच असतो का, विचारा. त्यातल्या बाटलीत ठेवलेलं पाणी काळं पडलं, तर जंतू आहेत असं समजायचं. घरात तान्हं बाळ असेल, तर नायट्रेटचा आकडा आवर्जून मागून घ्या.

माझ्या आजीच्या वाड्यात आड होता. आडाच्या कट्ट्यावर कपडे धुवायला तिनं कधी कुणाला बसू दिलं नाही. सांडलेलं पाणी लांब अळूत जायचं. आम्ही तिला सोवळ्याची म्हणून हसायचो.

आक्कांच्या पाण्याचा वास दुसऱ्या पावसाळ्यानंतर गेला. पुढच्या तपासणीत जंतू आढळले नाहीत, नायट्रेट मात्र मर्यादेच्या वरच आहे. प्यायचं पाणी त्या अजूनही बाहेरूनच भरतात. त्यांची कळशी दिसली की मी हातातलं काम टाकून दुसरी बाजू धरायला जाते.