वहीतल्या नोंदी आणि बाळाचा जीव

'डेटा ॲनालिटिक्स' हा शब्द हल्ली मुलांच्या तोंडी वरचेवर येतो. अर्थ साधा आहे. नोंदी गोळा करायच्या, त्या नीट मांडायच्या आणि पुढे काय करायचे ते त्यांवरून ठरवायचे. त्याची सुरुवात साध्या वहीतूनही होते. उदाहरण आपल्या गडचिरोलीतच आहे.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५-९६ साली ३९ गावांतील ७६३ नवजात बाळांवर जन्मापासून २८ दिवस लक्ष ठेवले. गावातल्याच, थोडेफार शिकलेल्या स्त्रियांनी घरी जाऊन बाळाचे वजन, ताप, दूध पिणे यांची नोंद केली. हिशेब मांडला तेव्हा दिसले, की निम्म्याहून जास्त बाळांना उपचारांची गरज होती. उपचार मिळाले शंभरात जेमतेम तिघांना. दर हजारी ५२ बाळे दगावली. सर्वांत मोठे कारण होते जंतुसंसर्ग.

मग याच स्त्रियांना घरीच बाळाची काळजी घेण्याचे व जंतुसंसर्गावर उपचार करण्याचे शिक्षण मिळाले. १९९७-९८ पर्यंत या गावांतले प्रमाण हजारी सुमारे २५ वर आले. ही सोय नसलेल्या शेजारच्या गावांत ते सुमारे ६० होते. २०११ पासून देशभर 'आशा' ताई बाळंतिणीच्या घरी येतात, त्यामागे हाच अनुभव आहे.

याच नोंदी चाळून जंतुसंसर्गाची सात सोपी चिन्हे निघाली. ती घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावीत:

१. दूध ओढणे कमी होणे किंवा थांबणे
२. रडणे क्षीण होणे किंवा बंद होणे
३. हातपाय ढिले पडणे
४. उलट्या होणे किंवा पोट फुगणे
५. अंग हाताला गार लागणे
६. श्वास घेताना छाती आत ओढली जाणे
७. बेंबीत पू होणे

यांपैकी एकही दिसले तरी अंगारेधुपारे करीत बसू नका. आशाताईंना बोलवा, १०८ ला फोन करा, दवाखाना गाठा. बाळाला उबेत ठेवूनच न्या.

आणखी एक विनंती. आशाताई विचारतील ते खरे सांगा. जन्म असो की मृत्यू, २१ दिवसांच्या आत नोंदवा. दुःखाच्या वेळी हे नकोसे वाटते, हे मी जाणतो. पण जो मृत्यू वहीत येत नाही, त्याचे कारण कोणी शोधत नाही. आणि शेजारचे पुढचे बाळ त्याच कारणाने जाऊ शकते.