लेकी-सुनांचा धंदा आणि भांडवलाचा वाटेकरी



आपल्या घरच्या लेकी-सुना आता नुसत्या शिकून थांबत नाहीत. कुणी गुळाची पावडर पाकिटात भरून शहरात विकते, कुणी ठिबकचं पाणी मोबाईलवरून चालू-बंद करणारं यंत्र बनवते. धंदा चार पावलं चालतो आणि भांडवलापाशी अडतो. मग घरात विषय निघतो, सातबारावर बोजा चढवायचा का? तसे करण्याआधी दुसरा एक मार्ग समजून घ्यावा, म्हणून हे टिपण. या मार्गाला ‘एंजल गुंतवणूक’ म्हणतात.

एंजल म्हणजे देवदूत. न्यूयॉर्कच्या नाटकधंद्यात पदरचा पैसा घालणाऱ्यांना हे नाव होते. १९७८ च्या सुमारास विल्यम वेट्झेल या अमेरिकी प्राध्यापकांनी ते नव्या उद्योगांत पैसा घालणाऱ्यांना लावले. नाव देवदूताचे असले तरी हा धर्मादाय नव्हे. पीक बुडाले तरी बँकेचा हप्ता चुकत नाही. एंजल मात्र कर्ज देत नाही, कंपनीचे शेअर घेतो. धंदा बुडाला तर त्याचेही पैसे बुडतात. चालला तर काही वर्षांनी वाटा चढ्या भावाने विकून तो बाहेर पडतो. थोडक्यात, तो सावकार नाही, वाटेकरी आहे.

आपला शेअर आणि कंपनीचा शेअर

आपल्या कारखान्यात एक शेअर असो की दहा, सभासदाला मत एकच. कंपनीत सर्वसाधारणपणे जितके शेअर तितकी मते. म्हणून इथे हिशेब नीट पाहावा.

समजा, नवे पैसे धरून कंपनीची किंमत १ कोटी ठरली आणि एंजलने २५ लाख घातले. त्याचा वाटा २५ टक्के, ताईचा ७५. दुसऱ्या फेरीत नव्या माणसाला २० टक्के दिले की ताईकडे ६० राहतात. तिसऱ्या फेरीत आणखी २० दिले की ४८. झाले! धंदा उभा केला तिने, आणि बहुमत गेले दुसऱ्यांकडे. शिवाय कंपनी कायद्यात विशेष ठरावाला तीन-चतुर्थांश मते लागतात. म्हणजे २५ टक्क्यांहून जास्त वाटा असलेला एकटा माणूस असा ठराव अडवू शकतो.

राज्य शासनाने २०२४ साली आणलेल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर महिला स्टार्टअप योजनेतही महिलेचा वाटा किमान ५१ टक्के हवा, अशी अट घातली आहे. ती उगीच नाही.

तयारी काय करावी?

१. बचत गटाला शेअर देता येत नाहीत. त्यासाठी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी नोंदवावी.

२. शेअर काम करणाऱ्या बाईच्याच नावावर असावेत. नाव सासऱ्याचे आणि राबणार सून, असे नको.

३. घरखर्च आणि धंदा यांची खाती वेगळी ठेवावीत. विक्री, खर्च, उधारी तोंडपाठ हवी.

४. करारनामा वकिलाकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नये.

५. अशा शेअरच्या जादा किमतीवर कंपनीला लागणारा ‘एंजल टॅक्स’ २०२४ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. त्याची जुनी भीती बाळगू नये.

आणखी एक. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले, की गुंतवणूकदार पुरुषांना ‘किती वाढाल?’ असे विचारतात, आणि बायकांना ‘बुडालात तर?’ असे. नुसता बचाव करणाऱ्यांपेक्षा उत्तरात वाढीचा हिशेब मांडणाऱ्यांना जास्त भांडवल मिळाले. आपल्या मुलींनी हे ध्यानात ठेवावे.

प्रत्येक धंद्याला एंजल लागतोच असे नाही. मुंबईत १९५९ साली सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्यातून लिज्जत उभे राहिले. म्हसवडला १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक निघाली. बेताने वाढणाऱ्या धंद्याला बँक बरी. झपाट्याने वाढणाऱ्याला वाटेकरी. बेणे आपण निवडून घेतो, तसाच वाटेकरीही निवडून घ्यावा, आणि तो निवडण्याचा अधिकार लेकी-सुनेचा असावा.