डब्यावरचं लेबल कसं काढावं, आणि कुठलं मुळीच काढू नये

ईद झाली की आपल्या घरांत रिकाम्या डब्यांचा ढीग साचतो. आइस्क्रीमचे डबे, तुपाच्या बरण्या, खजुराचे प्लास्टिकचे खोके. टाकून द्यायला हात धजत नाही, कारण पुढच्या वेळी शेजारच्या खालांकडे शीरखुर्मा पाठवायला हाच डबा उपयोगी पडणार असतो. अडचण एकच, त्यावरचं लेबल! नखाने ओढलं की वरचा कागद फाटतो आणि खाली चिकट, काळपट थर उरतो. चार दिवसांत त्यावर धूळ बसते आणि डबा घाणेरडा दिसू लागतो.

आम्ही शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे मुलांना आधी 'का' विचारायची सवय लावतो. तर हा गोंद पाण्याने का निघत नाही? बहुतेक प्लास्टिकच्या डब्यांवरच्या लेबलचा गोंद अ‍ॅक्रिलिक किंवा रबरी जातीचा असतो. तो कधी पूर्ण सुकत नाही, कायम मऊ आणि चिकट राहतो. पाण्यात तो विरघळत नाही, पण तेल त्याच्यात शिरतं आणि त्याची पकड सैल करतं. म्हणजे साबण लावून तासभर घासण्यापेक्षा चमचाभर गोडेतेल जास्त काम करतं.

आमच्या घरची पद्धत अशी आहे :

१. डब्यात गरम पाणी भरून दहा मिनिटं ठेवा. उष्णतेने गोंद नरम होतो. केस वाळवायचं यंत्र असेल तर लेबलवर थोडा वेळ गरम हवा मारली तरी चालते, फक्त ते एकाच जागी धरून ठेवू नका.

२. एका कोपऱ्यातून लेबल हळूहळू ओढा. सरळ वर न ओढता डब्याला लागूनच मागे दुमडत न्या. झटका दिला की कागद फाटलाच म्हणून समजा.

३. उरलेल्या चिकट भागावर खोबरेल किंवा गोडेतेल चोळा आणि अर्धा तास विसरून जा. वर कागदाचा थर राहिला असेल तर तो आधी पाण्याने भिजवून काढा, नाहीतर तेल खाली पोहोचतच नाही.

४. मग जुन्या सुती कापडाने गोल गोल पुसा. हट्टी डागावर खायचा सोडा आणि तेलाची लापशी लावा. खरवडायचंच असेल तर जुनं प्लास्टिकचं कार्ड घ्या. सुरी आणि तारेची घासणी नको, त्यांनी पडलेल्या ओरखड्यांत तेलकटपणा आणि जंतू घर करतात.

५. शेवटी भांड्याच्या साबणाने आणि कोमट पाण्याने धुवा. हे विसरलात तर तेलावर पुन्हा धूळ बसेल आणि केलेली मेहनत वाया!

थोडाच चिकटपणा असेल तर सोपी युक्ती म्हणजे चिकटपट्टी त्यावर दाबून पटकन ओढायची, चार-पाच वेळा. गोंद गोंदालाच उचलून नेतो. मुलांना हे काम फार आवडतं.

डब्याच्या तळाशी त्रिकोणात एक आकडा असतो, तो एकदा पाहून घ्या. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, आइस्क्रीमचे डबे बहुतेक याचेच. त्याला गरम पाणी चालतं. १ म्हणजे पेट, पाण्याच्या आणि सरबताच्या बाटल्या याच्या असतात. त्या साधारण ७० अंशांच्या पुढे आक्रसतात, म्हणून कोमट पाणीच वापरा. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन. त्यावर नेलपॉलिश काढायचं द्रव लावलं तर लेबल राहील बाजूला, डबाच विरघळू लागेल.

आता रॉकेल, पेट्रोल आणि थिनरबद्दल. 'एका मिनिटात निघतं' हे खरं आहे. पण ही द्रवं प्लास्टिकमध्ये मुरतात. आम्ही एकदा रॉकेलने पुसलेल्या बरणीत बेसन भरलं होतं. दहा वेळा धुऊनही वास गेला नाही, शेवटी बेसन आणि बरणी दोन्ही टाकावं लागलं. शिवाय स्वयंपाकघरात गॅस पेटलेला असताना पेट्रोलची चिंधी हातात घेणं म्हणजे संकटाला दावत देणंच. सॅनिटायझरसुद्धा पेट घेतो, तो वापरायचा तर चुलीपासून लांब.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, ती. काही लेबलं काढायचीच नसतात. फिनाइल, ॲसिड, संडास साफ करायचं द्रव, कीटकनाशक यांच्या डब्यावरचं लेबल म्हणजे त्याची ओळख. आमच्याच घरी एकदा सुट्टं फिनाइल आणून लेबल काढलेल्या स्वच्छ सरबताच्या बाटलीत भरलं गेलं. धाकट्याने शाळेतून येऊन तहानेने ती उचलली. झाकण उघडताच वास आला आणि त्याच्या दादीने हात धरला, म्हणून वाचलो. अल्लाहचे शुक्र! पण चूक मुलाची नव्हती, आम्हा मोठ्यांची होती.

म्हणून विषारी वस्तू कधीही खाण्यापिण्याच्या बाटलीत भरू नका. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत चौकोन असतो. त्यातला लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा असला तरी तो डबा धुऊन धान्य, पाणी भरायला वापरू नये. रंगाचे, ऑइलचे डबेही तसेच. चुकून कुणी असं काही प्यायलंच तर उलटी करवू नका. ती बाटली लेबलसकट सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा. डॉक्टरांना आधी तेच वाचायचं असतं.

खाण्याच्या डब्याचं जुनं लेबल काढलं की लगेच नवं लावा : आत काय आहे, कधी भरलं. शाळेच्या वहीचं लेबलही पुरतं. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, पण घरातल्या सगळ्यांना वाचता येईल असं लिहा. ज्याला वाचता येत नाही, त्याचा हात पोहोचणार नाही अशा जागी विषारी बाटली ठेवा.