मागावरचा पैसा : हातमागाच्या अर्थपुरवठ्याची सात दशके

स्वतंत्र भारतात हातमागाला पैसा पुरवण्याची पहिली मोठी व्यवस्था गिरणीच्या कापडावर उभारली गेली. १९५३ च्या कायद्याने गिरणीत तयार होणाऱ्या कापडावर यार्डामागे तीन पै असा उपकर, म्हणजे ठरावीक कामासाठी राखून ठेवलेला जादा कर, बसवण्यात आला आणि त्याचे उत्पन्न खादी व हातमाग यांच्या विकासासाठी वापरण्याचे ठरले. ज्या स्पर्धकामुळे विणकर मागे पडत होता, त्याच्याच उत्पादनातून विणकराला आधार देण्याची ही कल्पना, रक्कम तुटपुंजी असली तरी, नंतरच्या बहुतेक योजनांपेक्षा अधिक विचारपूर्वक होती. त्याच सुमारास कापड उद्योगाची चौकशी करणाऱ्या कानुंगो समितीने हातमागांचे क्रमाक्रमाने यंत्रमागांत रूपांतर करावे असे सुचवले होते, तर पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील १९५५ च्या समितीने रोजगाराला अग्रक्रम देऊन नेमकी उलट दिशा दाखवली.

विणकराची खरी अडचण असते ती खेळत्या भांडवलाची. सूत, रेशीम वा जर विकत घेतल्यापासून कापड विकले जाईपर्यंतच्या काळात त्यात अडकून पडणारी रक्कम ज्याच्याकडून येते, त्याच्याच हाती विणकराची मजुरी आणि बहुधा नक्षीही जाते, हे ओळखून रिझर्व्ह बँकेने १९५७ पासून विणकर सहकारी संस्थांना सहकारी बँकांमार्फत भांडवल देण्याची योजना सुरू केली, आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या नाबार्डकडे ती पुढे गेली. कर्जाची ही वाट मात्र संस्थेच्या विक्रीवर अवलंबून होती. माल शिखर संस्थेच्या, म्हणजे प्राथमिक विणकर संस्थांचा माल विकणाऱ्या राज्यस्तरीय संस्थेच्या, गोदामात पडून राहिला की प्राथमिक संस्थेचे येणे थकत असे, तिची कर्जमर्यादा आटत असे आणि सभासद पुन्हा व्यापाऱ्याकडून उचल घेत असे. १९७६ च्या जनता कापड योजनेने, म्हणजे स्वस्त साड्या व धोतरे अनुदानावर विणवून घेण्याच्या कार्यक्रमाने, असंख्य मागांना काम दिले खरे. पण साध्या जाड कापडाच्या या कामात कसबी हातांचे चीज झाले नाही आणि नव्वदच्या दशकात योजना आटोपती घेतली गेली, तेव्हा तिच्यावर विसंबलेल्या संस्थांकडे दुसरे गिऱ्हाईक उरले नव्हते.

२०११ साली केंद्राने ३,८८४ कोटी रुपयांची पुनरुज्जीवन योजना मंजूर करून थकीत कर्जे माफ केली आणि नव्या कर्जाला व्याजसवलत व हमीची जोड दिली. ताळेबंद त्यामुळे स्वच्छ झाले, पण ज्या विक्रीअभावी ते बिघडले होते तिच्याकडे तेवढे लक्ष गेले नाही. २०१९-२० च्या हातमाग गणनेत सुमारे दोन तृतीयांश विणकर कुटुंबांचे मासिक उत्पन्न पाच हजार रुपयांच्या आत असल्याचे नोंदले गेले.

येवल्याची पैठणी या इतिहासात काहीशी बाजूला उभी आहे, कारण तिचा अलीकडचा बहर सरकारी कर्जापेक्षा स्थानिक व्यापाऱ्यांच्या पैशावर आला. व्यापारी रेशीम व जर देतो, विणकर आपल्या खड्डामागावर साडी विणतो आणि मजुरी घेतो. जोखीम व नफा दोन्ही मुख्यतः व्यापाऱ्याकडे राहतात. ही रचना शोषणाची म्हणून सरसकट मोडीत काढता येत नाही, कारण भरगच्च पदराची साडी महिनोन्महिने मागावर राहते आणि तेवढा काळ थांबू शकणारे भांडवल सहकारी संस्थांना क्वचितच मिळाले. २०१० मध्ये पैठणीला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाने, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी निगडित मालाच्या नावाला मिळणाऱ्या कायदेशीर संरक्षणाने, यंत्रमागावरच्या नकलेविरुद्ध दाद मागण्याची सोय झाली. मागावर अडकलेल्या रेशमाचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न त्या कायद्याच्या कक्षेतच येत नाही.