गाडी उलाळ होते तेव्हा

क्रांती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे बंदुका, मशाली आणि कोसळणारा तुरुंग उभा राहतो. पॅरिसचा बास्तीय १४ जुलै १७८९ रोजी पडला, हे शाळेतले पोरही सांगेल. पण इंग्लंडातील यंत्रांची क्रांती कोणत्या दिवशी झाली असे विचारा, भल्याभल्या प्राध्यापकालाही डोके खाजवावे लागेल. कारण तिला तारीखच नाही. ती धोट्याच्या खडखडाटात, घराघरांतून, हळूहळू आली.

मुळापासून पाहू. १७३३ साली जॉन के याने धावता धोटा काढला. पूर्वी विणकर एका हाताने धोटा फेकी, दुसऱ्याने झेली. आता दोरीला हिसका दिला की धोटा या कडेवरून त्या कडेला! विणकाम झपाट्याने होऊ लागले आणि पंचाईत झाली सुताची. एका मागाला पुरेल इतके सूत काढायला कितीतरी जणींनी चरखा फिरवावा, तरी विणकर आपला हातावर हात ठेवून बसलेलाच. तेव्हा १७६४ च्या सुमारास जेम्स हारग्रीव्ह्ज या लँकेशायरच्या विणकराने एका चाकावर आठ चात्या फिरवणारे 'जेनी' यंत्र बनवले. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी १७६८ मध्ये घरात घुसून त्याची यंत्रे मोडली. पण यंत्र काही थांबले नाही. आर्कराइटने १७७१ मध्ये क्रॉमफर्डला पाण्यावर चालणारी सूतगिरणी घातली, मागोमाग वॅटचे वाफेचे इंजिन आले, आणि आता सूत उदंड, विणकर कमी! विणकराला चार दिवस सुगीचे आले. मग कार्टराइटने १७८५ मध्ये काढलेला यंत्रमाग सुधारत सुधारत १८१५ नंतर पसरला, आणि हातमागवाल्याची मजुरी कोसळली. हेच गिरणीचे सूत जहाजांतून आपल्याकडे आले आणि खेड्यापाड्यांतले चरखे थंडावले, हे तुम्ही जाणताच.

मग यंत्र वाईट होते काय? मला तसे वाटत नाही. कापड स्वस्त झाले, गरिबाच्या अंगावर दुसरा सदरा आला. घोटाळा निराळ्या ठिकाणी होता.

बैलगाडीतले ओझे मागे सरकले की गाडी उलाळ होते. बैलांच्या मानेवरचे जू वर उचलते, आणि ओझे वेळीच पुढे घेतले नाही तर गाडी उलटते. इंग्लंडात माणसे, पैसा, काम, सगळे मँचेस्टरसारख्या शहरांकडे सरकले होते. पण पार्लमेंटातल्या जागा होत्या तिथेच राहिल्या. ओल्ड सॅरम नावाचे एक ओस पडलेले टेकाड होते. त्याचे दोन सभासद पार्लमेंटात बसत. मँचेस्टरचा एकही नाही! जमीनदारांच्या या पार्लमेंटने १८१५ मध्ये कायदा केला, की देशातला गहू क्वार्टरमागे ८० शिलिंगांवर चढेपर्यंत परका गहू येऊ द्यायचा नाही. जमीनदाराला भाव मिळाला. विणकराची मजुरी घटत होती, आणि त्याची भाकरी मात्र कायद्याने महाग राखली.

१६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानावर सुमारे साठ हजार माणसे बायकामुलांसह जमली. मागणी मताधिकाराची. घोडेस्वार तलवारी उपसून गर्दीत घुसले. निदान पंधरा माणसे मेली, शेकडो जखमी झाली. चारच वर्षांपूर्वी वॉटर्लूची लढाई जिंकलेली. लोकांनी चिडून या प्रकाराला 'पीटर्लू' नाव दिले.

फ्रान्सची गाडीही अशीच उलाळ झाली होती. कराचे ओझे शेतकऱ्यांवर, सरदार-धर्मगुरू बव्हंशी मोकळे, खजिना रिता, त्यात १७८८ चे पीक बुडालेले. राजाने १६१४ नंतर कधी न बोलावलेली सभा १७८९ मध्ये बोलावली, पण फार उशिरा. गाडी उलटली. इंग्लंडात १८३१ मध्ये ब्रिस्टल शहर दंग्यांत जळले, तेव्हा कुठे १८३२ साली ओझे थोडे पुढे घेतले गेले. ओल्ड सॅरमच्या जागा रद्द झाल्या, मँचेस्टरला दोन मिळाल्या. मत मात्र शहरात सालाना दहा पौंड भाड्याच्या तोलाचे घर असणाऱ्यालाच. बहुतेक विणकर होते तिथेच!

तरी या नव्या पार्लमेंटने १८३३ मध्ये गिरण्यांचा कायदा केला. शिक्षक बंधूंनो, हा भाग तुमच्यासाठी. रेशमाच्या गिरण्या वगळता नऊ वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी झाली. त्याहून थोड्या मोठ्यांना दिवसाला नऊ तासांहून अधिक राबवायचे नाही, आणि रोज दोन तास शाळेत पाठवायचे. तपासणीला सगळ्या देशात मिळून निरीक्षक किती? चार. हे निरीक्षक हिंडू लागले, मुलांचे शाळेचे दाखले पाहू लागले. काही दाखल्यांवर मास्तरांच्या सहीच्या जागी नुसती फुली होती. मास्तरांनाच लिहिता येत नव्हते! अखेर १८४४ च्या कायद्यात स्पष्ट घालावे लागले, की दाखला मास्तरांनी स्वहस्ते भरावा आणि खाली आपले पूर्ण नाव लिहावे.