घाटमार्गावरील मोटारसायकलच्या टायरची दिशा व निवड : चिखलदऱ्याच्या संदर्भात

सारांश : मोटारसायकलचा टायर रिंगवर कोणत्या दिशेने बसवावा आणि झिजलेल्या टायरच्या जागी नवा कोणता घ्यावा, हे दोन्ही निर्णय आपल्याकडे बहुधा टायरवाल्यावर सोपविले जातात. प्रस्तुत लेखात या निर्णयांमागील भौतिकशास्त्रीय कारणे चिखलदरा घाटाच्या संदर्भात स्पष्ट केली आहेत.

बीजसंज्ञा : टायर, नक्षी, दिशादर्शक बाण, घर्षण, भारांक, घाटमार्ग.

प्रस्तावना :

सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर वसलेले चिखलदरा हे विदर्भाचे नंदनवन म्हणून ओळखले जाते. पायथ्याच्या परतवाड्याहून येथे येण्यास धामणगाव गढीमार्गे एक व घटांगमार्गे दुसरा असे दोन रस्ते आहेत. पावसाळ्यात या रस्त्यांवर दाट धुके, ओला पाला, कडेने वाहून आलेली माती व शेवाळ यांचा सामना करावा लागतो. पर्यटकांखेरीज शिक्षक, विद्यार्थी, कर्मचारी व मेळघाटातील गावकरी याच रस्त्यांवरून दुचाकीने ये-जा करतात.

वाहनाचा वेग, ब्रेक व वळण यांसंबंधीचे सर्व बल अखेरीस रस्त्यावर टेकलेल्या तळहाताएवढ्या रबराच्या दोन तुकड्यांमधूनच जाते. रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्ये हवा भरलेल्या चाकाचे एकस्व घेतले व जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये ती कल्पना व्यवहारात आणली. त्यानंतर टायरचे तंत्र फार पुढे गेले असले, तरी ही मूळ वस्तुस्थिती बदललेली नाही. म्हणून टायरविषयीचे अज्ञान घाटात जिवावर बेतू शकते.

१) बाणाचा अर्थ :

बहुतेक टायरच्या बाजूवर फिरण्याची दिशा दाखविणारा बाण कोरलेला असतो. वाहन पुढे जात असताना चाक ज्या दिशेने फिरते, त्याच दिशेला हा बाण असावा. काही टायरवर पुढच्या व मागच्या चाकासाठी दोन स्वतंत्र बाण असतात व ते परस्परविरुद्ध दिशा दाखवितात. अनेकांना ही छपाईतील चूक वाटते. परंतु त्यामागे निश्चित कारण आहे.

मागचे चाक इंजिनाच्या शक्तीने फिरते. ते रस्त्याला मागे ढकलते व रस्ता टायरच्या पृष्ठभागाला पुढे ढकलतो. पुढच्या चाकाला इंजिनाची शक्ती मिळत नाही. त्याच्यावरील मोठे बल ब्रेक लावताना निर्माण होते व त्या वेळी रस्ता टायरच्या पृष्ठभागाला मागे ओढतो. म्हणजेच दोन्ही चाके एकाच दिशेने फिरत असली, तरी त्यांच्या रबरावरील मुख्य बलांच्या दिशा विरुद्ध असतात.

टायर तयार करताना नक्षीच्या रबराची लांब पट्टी गुंडाळून तिची दोन टोके तिरपी कापून जोडण्याची पद्धत रूढ आहे. बल योग्य दिशेने आल्यास हा तिरपा सांधा दाबला जातो. उलट दिशेने आल्यास त्याची वरची कड उचलली जाण्याकडे कल असतो. बाणाचे हे एक मूळ कारण होय. दुसरे कारण नक्षीचे आहे. खाचांमधील रबराचे ठोकळे ब्रेकच्या वा खेचण्याच्या बलाखाली कमीत कमी वाकावेत व समान झिजावेत, अशा रीतीने त्यांचा कोन ठरविलेला असतो. टायर उलटा बसल्यास तो लगेच फुटत नाही. परंतु नक्षी करवतीच्या दात्यांप्रमाणे असमान झिजते व ओल्या रस्त्यावरील पकड अपेक्षेप्रमाणे मिळत नाही.

२) पाणी व पकड :

खाचा पाणी बाहेर फेकतात, हे विधान खरे असले तरी घाटाच्या संदर्भात ते अपुरे आहे. पाण्याच्या थरावर टायर पूर्णपणे तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमूळाशी निगडित असतो. अमेरिकेतील नासा संस्थेच्या संशोधनातून पुढे आलेल्या सूत्रानुसार २५ पौंड दाबाच्या टायरसाठी हा वेग ताशी सुमारे ८३ किलोमीटर येतो. हे सूत्र विमानाच्या टायरवरून काढलेले आहे. मोटारसायकलच्या गोलाकार टायरखालून पाणी अधिक सहज बाजूला होते. चिखलदऱ्याच्या वळणांवर वेग ताशी ३०-४० किलोमीटरच असतो. तेव्हा येथे टायर तरंगण्याचा धोका कमी व पातळ ओलाव्यावर, चिखलावर किंवा पाल्यावर घसरण्याचा धोका अधिक आहे. त्यामुळे खाचांच्या खोलीबरोबरच रबराचा मऊपणाही तितकाच महत्त्वाचा ठरतो.

उताराचे गणितही लक्षात घ्यावे. वाहन व दोन स्वार मिळून २५० किलोग्रॅम वजन ७०० मीटर खाली उतरते, तेव्हा सुमारे १७ लाख ज्यूल ऊर्जा खर्ची पडावी लागते. ती इंजिन व ब्रेक शोषून घेतात. पण त्यासाठीचे रोधक बल टायरमार्फतच रस्त्यापर्यंत पोहोचते. उतारावर वजन पुढच्या चाकाकडे सरकत असल्याने पुढचा टायर दुर्लक्षित ठेवणे विशेष धोक्याचे आहे. प्रत्यक्षात मात्र ‘मागचा गोटा झाला’ म्हणून तेवढाच बदलण्याची प्रवृत्ती आढळते.

३) नव्या टायरची निवड :

टायरवरील अंक वाचता आले, तर निवड बरीच सोपी होते. ‘१००/९०-१८ ५६पी’ या उदाहरणात १०० ही मिलिमीटरमधील रुंदी, ९० ही रुंदीच्या प्रमाणात उंचीची टक्केवारी व १८ हा रिंगचा इंचांतील व्यास होय. ५६ हा भारांक २२४ किलोग्रॅम भार दर्शवितो आणि ‘पी’ हे अक्षर ताशी १५० किलोमीटर ही वेगमर्यादा सांगते. मूळ टायरपेक्षा भारांक व वेगचिन्ह कमी असलेला टायर घेऊ नये.

रुंद टायर म्हणजे अधिक पकड, हा तरुणांमधील समज तपासून पाहण्याजोगा आहे. अरुंद रिंगवर रुंद टायर चढविल्यास त्याच्या कडा आत ओढल्या जातात व गोलाई बिघडते. परिणामी वाहन वळणावर सहज झुकत नाही. टायर साखळीला वा चिमट्याला घासण्याचीही शक्यता असते. उत्पादकाने सांगितलेले माप हेच योग्य माप समजावे.

बाजूवरील चार आकडी अंक निर्मितीचा आठवडा व वर्ष दाखवितो. उदाहरणार्थ, ‘२३१९’ म्हणजे २०१९ मधील तेविसावा आठवडा. अमरावती-अकोल्याच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचे रबर नक्षी शिल्लक असतानाही कडक होते व बाजूला बारीक चिरा पडतात. असा टायर दिसायला चांगला, पण ओल्या घाटात निरुपयोगी असतो.

आऱ्यांच्या साध्या रिंगला ट्यूबचाच टायर लागतो; आऱ्यांच्या छिद्रांतून हवा निसटत असल्याने तेथे ट्यूबलेस टायर ट्यूबविना चालत नाही. टायरबरोबर ट्यूबही नवी घालावी. टायरवर पिवळा ठिपका असल्यास तो हलका भाग दर्शवितो. तो व्हॉल्व्हजवळ ठेवावा. दुचाकीसाठी रिमोल्ड टायर वापरू नये. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार दुचाकीच्या नक्षीची किमान खोली ०.८ मिलिमीटर आहे. तथापि घाटात नित्य प्रवास करणाऱ्यांनी ही मर्यादा गाठण्याची वाट पाहू नये.

४) चूक कोठे होते?

ड्रम किंवा डिस्क एकाच बाजूला असल्याने संपूर्ण चाक सहसा उलटे बसू शकत नाही. साध्या पंक्चरच्या वेळी टायरची एकच कड रिंगबाहेर काढली जाते. त्यामुळे दिशा बदलत नाही. टायर पूर्ण उतरविला जातो तेव्हाच चूक संभवते. म्हणून हवा भरण्यापूर्वी बाण पाहणे पुरेसे आहे. त्यास क्षणभरही लागत नाही.

घाट चढण्यापूर्वी पकडीसाठी हवा कमी करण्याची पद्धतही अनावश्यक आहे. ७०० मीटर चढल्यावर बाहेरचा दाब घटल्याने मापकावर सुमारे एक पौंड वाढ दिसते. परंतु वरची हवा दहा अंशांनी थंड असल्यास जवळपास तेवढीच घट होते. टायर थंड असताना उत्पादकाने सांगितलेला दाब ठेवावा, हेच उत्तम.

निष्कर्ष :

१. बाणाची दिशा हा चाकावरील मुख्य बलाच्या दिशेशी निगडित असा तांत्रिक संकेत आहे.
२. घाटात टायरची रुंदी वाढविण्यापेक्षा योग्य माप, पुरेसा भारांक व ताजे रबर यांना प्राधान्य द्यावे.
३. उतारावरील सुरक्षिततेसाठी पुढच्या टायरची तपासणी मागच्याइतकीच आवश्यक आहे.
४. पावसाळ्यापूर्वी महाविद्यालयाच्या वाहनतळावर भौतिकशास्त्र विभाग व राष्ट्रीय सेवा योजना पथकाने मिळून बाण, निर्मितीचे वर्ष, खोली व दाब या चार गोष्टी तपासण्याचा उपक्रम घेतल्यास वर्गातील घर्षणाचा धडा विद्यार्थ्यांच्या रोजच्या जीवनाशी जोडला जाईल. त्यासाठी दाबमापक व खोली मोजण्याची पट्टी एवढीच सामग्री लागते.