मंद आचेवरचा सुगंध

रेडिओवरून गाणं पोचतं, बाजारभाव पोचतात, पावसाचा अंदाज पोचतो. वास मात्र पोचत नाही. त्यामुळे आज ज्या गोष्टीबद्दल मी बोलणार आहे, ती तुम्हाला आपापल्या स्वयंपाकघरात जाऊनच पडताळून पाहावी लागेल. साहित्य फार नाही. एक पातेलं, लिटरभर पाणी, दोन संत्र्यांच्या साली, बोटभर दालचिनी, पाच-सहा लवंगा आणि मंद आच. थोड्या वेळात घरभर वास दरवळतो. त्यासाठी बाजारातून वेगळं काही आणावं लागत नाही, आणि साली तर नाहीतरी आपण टाकूनच देणार असतो.

आपल्या घरांना सुगंध बहुतेक वेळा धुरातून मिळाला. आमच्याकडे गुरुवारी संध्याकाळी अम्मी ऊददाणीतल्या निखाऱ्यावर लोबान टाकायची. शेजारच्या काकूंकडे तिन्हीसांजेला धूप फिरवला जायचा. दोन्ही घरांतला धूर जिन्यात एक व्हायचा आणि कोणता कुणाचा हे सांगता येत नसे. बाळंतिणीच्या खोलीत ओवा-शेपांची धुरी तर जातपात न विचारता सगळीकडे असायची. या वासांवर माझं प्रेम आहे आणि ते जाणारही नाही. पण तेव्हाची घरं कौलारू होती, धुराला वर वाट होती. आता आपण फ्लॅटमध्ये राहतो, डासांसाठी खिडक्या लावून घेतो आणि अनेक घरांत दम्याचा पंप वापरणारं एखादं माणूस असतं. धूर कितीही सुवासिक असला तरी त्यात बारीक कण असतात, आणि ते फुप्फुसात खोलवर जातात. डासांच्या कॉइलविषयी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एक कॉइल जळताना जेवढे सूक्ष्म कण बाहेर पडतात, ते ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात, असं त्यात आढळलं. उदबत्तीचा धूर त्याहून सौम्य म्हणावा, पण तोही धूरच. म्हणून ज्या घरात कुणाला धूर सोसत नाही, तिथे सुगंधासाठी वाफेचा रस्ता बरा.

आता हा वास येतो कसा, ते पाहू. संत्र्याच्या सालीवर सुईच्या टोकाएवढे ठिपके दिसतात. त्या तेलाच्या पिशव्या असतात. साल मेणबत्तीजवळ पिळली की तडतड ठिणग्या उडतात, हा खेळ लहानपणी आपण सगळ्यांनी केला आहे. त्या तेलात मुख्य भाग लिमोनीन नावाच्या द्रव्याचा. लवंगेत युजेनॉल असतं, दालचिनीच्या सालीत सिनमाल्डिहाइड, गवती चहात सिट्रल. ही द्रव्यं एकेकटी उकळायची तर बरीच उष्णता लागते. लिमोनीन १७६ अंशांना उकळतं, युजेनॉल अडीचशे अंशांच्याही वर. पाणी तर शंभरालाच उकळतं. मग पाण्यातल्या लवंगेचा वास बाहेर पडतो कसा? इथे तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, हीच सोय होते. दोघांची वाफ आपापल्या परीने वर जात असते. पाण्याची वाफ निघाली की तेलाचा थोडा अंश ती सोबत घेऊन जाते. थकल्या माणसाला पायी घाट चढवत नाही, पण एस.टी. मिळाली की तोही माथ्यावर पोचतो, तसंच हे.

उत्तर प्रदेशातल्या कनौजला अत्तर काढतात ते याच तत्त्वावर. तांब्याच्या मोठ्या डेगेत फुलं आणि पाणी, झाकणाच्या कडा मातीने लिंपलेल्या, बांबूच्या नळीतून वाफ उतरते ती गार पाण्यात ठेवलेल्या भपक्यात. भपक्यात पूर्वापार चंदनाचं तेल असतं, येणारा वास ते धरून ठेवतं. तिथे भाजलेल्या मातीचंही अत्तर निघतं, पहिल्या पावसाच्या वासाचं. इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी १९६४ साली त्या वासाला 'पेट्रिकोर' असं नाव दिलं, तेव्हा त्यांनी आपल्या निबंधात भारतातल्या या मातीच्या अत्तराचा उल्लेख केला होता. म्हणजे शास्त्रज्ञांनी नाव ठेवण्याआधीच आपल्या कारागिरांनी तो वास कुपीत भरला होता. आपलं पातेलं हे त्या डेगेचं धाकटं भावंड. फरक एवढाच, की डेगेतली वाफ कोंडून ठेवतात आणि आपण ती घरात सोडून देतो.

मराठीलाही हा विषय परका नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातले प. कृ. गोडे यांनी 'गंधवाद' नावाच्या, सुगंधी द्रव्यांवरच्या एका दुर्मिळ हस्तलिखिताचा अभ्यास केला. त्याच्यासोबत मराठी टीका आहे, आणि गोड्यांनी तिचा काळ साधारण १३५० ते १५५० च्या दरम्यानचा ठरवला. सुगंध कसा तयार करावा हे मराठीत लिहून ठेवावंसं वाटणारा माणूस किमान पावणेपाचशे वर्षांपूर्वी आपल्यात होऊन गेला, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता कृतीकडे येऊ. पहिली गोष्ट, आच मंद हवी. पाणी खळाखळा उकळलं तर ते लवकर आटतं, वास एकदम उधळून जातो आणि मागे शिजलेल्या सालींचा कडवट दर्प राहतो. तळातून बारीक बुडबुडे येत राहावेत, इतपतच आच ठेवावी. दुसरी गोष्ट क्रमाची. दालचिनी, लवंग, सुंठ या कडक वस्तू आधी घालाव्यात, त्यांना तेल सोडायला वेळ लागतो. साली मधे. गवती चहा, तुळस, पुदिना अगदी शेवटी, जमल्यास गॅस बंद करताना. मोगरा-जाईला मात्र उकळत्या पाण्यात घालू नये. त्यांचा वास आच सोसत नाही, उकडलेल्या पाल्यासारखा होतो. मोगरा गार पाण्यातच शोभतो. गुलाबाच्या पाकळ्या उष्णता सोसतात, गुलाबपाणी निघतं ते त्यामुळेच. तिसरी गोष्ट भांड्याची. आंबट साली असतील तर अॅल्युमिनियमचं पातेलं नको, स्टीलचं घ्यावं. आणि साली आधी धुवाव्यात, त्यांच्यावर फवारणीची औषधं असतात.

सगळे ऋतू मात्र एका पातेल्यात बसत नाहीत. हिवाळा या कामाला सर्वांत सोयीचा. देशावर त्या दिवसांत हवा कोरडी असते, ओठ फुटतात, थोडी वाफ घरात फिरली तर बरंच वाटतं. नागपुरी संत्री बाजारात असतात. साली, दालचिनी, लवंग आणि आल्याचा ठेचलेला तुकडा एवढं पुरे. बाजारात जाड, खरबरीत सालीची दालचिनी स्वस्त मिळते, ती इथे उत्तम चालते. पातळ, नाजूक दालचिनी पुलावासाठी राखून ठेवावी. कोकणात कुणाच्या परसात दालचिनीचं झाड असेल, तर त्याची दोन-चार पानं चुरडून घालावीत. त्या पानांना लवंगेसारखा वास येतो, कारण त्यांच्या तेलात युजेनॉलच जास्त असतं.

उन्हाळ्यात स्वयंपाकघर आधीच तापलेलं असतं. तेव्हा सुगंधासाठी तासभर गॅस जाळणं हा शहाणपणा नव्हे. त्या दिवसांत वाळा घ्यावा. मूठभर मुळं स्वच्छ धुऊन रात्री भिजत घालायची, सकाळी चहा झाल्यावर त्याच पाण्यात दहा-पंधरा मिनिटं मंद उकळायची आणि पसरट भांड्यात ओतून ते पंख्याच्या वाऱ्यावर ठेवायचं. वाळ्याचा वास हळू निघतो आणि हळूच जातो. लिंबू पिळून उरलेल्या साली त्यात टाकाव्यात. मुळं उन्हात वाळवून पुन्हा वापरता येतात.

पावसाळ्यात सर्वांत जास्त जपावं लागतं. त्या दिवसांत घरात कुबट वास येतो, कपडे वाळत नाहीत, भिंतीला ओल येते, आणि नेमकं तेव्हाच घर सुगंधी करावंसं वाटतं. पण कुबट वास बुरशीचा असतो आणि बुरशीला ओलावाच हवा असतो. बंद घरात तासभर पाणी उकळत ठेवलं तर आपण तिलाच खाऊ घालतो. म्हणून पाऊस उघडला की आधी खिडक्या उघडाव्यात, पंखा लावावा, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढावं. मग पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही, गवती चहा, लिंबाची साल आणि आलं. बाहेर झड लागली असेल तर हेही करू नये. चहातच गवती चहा घालावा आणि तोच वास घराला पुरे समजावा.

काही गोष्टी मात्र पातेल्यात अजिबात जाऊ नयेत. कापूर उकळू नये. तो पेट घेतो, आणि पोटात गेला तर लहान मुलांना घातक ठरतो. कण्हेर, धोतरा अशी विषारी झाडं दिसायला कितीही सुंदर असली तरी दूरच ठेवावीत. पातेल्यातलं पाणी काढा समजून कुणी पिऊ नये. या वाफेने डास जात नाहीत आणि हवा शुद्धही होत नाही. वास म्हणजे हवेत मिसळलेलं द्रव्यच. एखाद्या दमेकऱ्याला लवंगेच्या वासानेही खोकला येऊ शकतो, तेव्हा त्याला विचारूनच पातेलं ठेवावं. आणि पातेलं गॅसवर ठेवून घराबाहेर जाणं किंवा झोपणं तर कधीच नाही.

यामागे एक मोठं कारण आहे. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन नावाचं दुर्गंधी द्रव्य मुद्दाम मिसळतात. पाणी उतू जाऊन ज्योत विझली, तर तो दुर्गंधच आपल्याला हाक मारतो. घरात आधीच उग्र सुगंध भरलेला असेल, तर ती हाक उशिरा ऐकू येते. तुंबलेली मोरी, जळणारी वायर, नासलेलं दूध, माळ्यावर मेलेला उंदीर हे सगळे वास आपल्याला काही सांगायला येतात. त्यांच्यावर सुगंधाची चादर टाकणं म्हणजे निरोप्याचं तोंड दाबणं.

दुर्गंधाची ही किंमत आमच्या घराला २०२१ च्या उन्हाळ्यात कळली. कोरोनातून बायको बरी झाली, ताप गेला, पण वास परत आला नाही. डाळ करपली तरी तिला धूर दिसेपर्यंत कळत नसे. गॅस बंद आहे ना, हे ती मला दिवसातून दहा वेळा विचारायची. जर्मनीतले डॉक्टर थॉमस हुमेल यांनी २००९ साली एक साधा व्यायाम मांडला होता. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास, सकाळ-संध्याकाळ, बारा आठवडे, लक्ष देऊन हुंगायचे. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण अनेकांना येतो. आम्ही चार डब्या केल्या. ती डोळे मिटून लवंगेची डबी नाकाशी धरायची आणि म्हणायची, "आज पण नुसती हवा." कित्येक आठवडे असंच चाललं. मग एका सकाळी बाहेरच्या खोलीतून तिने विचारलं, "अहो, दूध लागलंय का?" दूध खरंच लागलं होतं. करपलेल्या दुधाच्या वासाने इतका आनंद झालेलं दुसरं घर त्या दिवशी गावात नसेल.

म्हणून माझं सांगणं एवढंच. पातेलं गॅसवर ठेवण्याआधी घरात एक फेरी मारा. मोरीपाशी, कपाटापाशी, शेगडीपाशी थांबून श्वास घ्या. काही कुबट, काही जळकं, काही गॅससारखं जाणवलं, तर आधी त्याचा बंदोबस्त करा. खिडकी उघडा. एवढं झाल्यावर मग साली टाका, लवंगा टाका, आच बारीक करा आणि स्वयंपाकघरातच बसून राहा. चहा उरलेला असेल तर तोही गरम होईल.